बावीस नंबरचे यार्ड

७ सप्टेंबर २०२५, रविवार

हॉस्पिटलनं वेलबीइंग वीकमध्ये ही वही दिली. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, म्हणजे ताण जातो म्हणे. आमच्या फार्मसीत दोन माणसं कमी आहेत, ती भरली असती तरी ताण गेला असता. पण वही स्वस्त पडते. असो. फुकट मिळालेली वस्तू पडून राहू देणं आमच्या घराण्यात बसत नाही.

तर तीन चांगल्या गोष्टी. एक, आज पाऊस नाही. दोन, फादर्स डे म्हणून केतकीनं मला जंडल्स, म्हणजे इथले रबरी सपाते, आणले आणि ते चक्क मापाचे निघाले. तीन, मी एका अमेरिकन फुटबॉल क्लबाचा सचिव झालो. ही तिसरी गोष्ट चांगली की वाईट, ते सीझन संपल्यावर कळेल.

रग्बीच्या देशात अमेरिकन फुटबॉल खेळणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन सॅलड मागणं. पण आमच्या चिरंजीविणीला तेच खेळायचं होतं. वय तेवीस, शिक्षण फिजिओथेरपी, नोकरी क्लिनिकमध्ये, आणि शनिवारी हेल्मेट घालून चिखलात. क्लबाचं नाव मनुरेवा मोरपोर्क्स. मोरपोर्क म्हणजे इथलं घुबड. बायकांच्या लीगमध्ये सगळे मिळून चार संघ, त्यामुळे आम्ही कितीही हरलो तरी पहिल्या चारात असतो.

मी फक्त केतकीला सोडायला गेलो होतो. अध्यक्ष ग्रेग, व्यवसायानं प्लंबर, मला म्हणाला, "रॅव, तू फार्मासिस्ट ना? म्हणजे तुझं अक्षर वाचता येत असेल." झालं. सचिव आणि आकडेवारीप्रमुख, दोन्ही पदं एका दमात पदरात पडली. रवींद्रचा रॅव त्याच दिवशी झाला.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिली मॅच, हरलो. पण माझी आकडेवारी निर्दोष आहे.

केतकीचं काम काय, ते मला आज नीट कळलं. समोरचा संघ बॉल लाथेनं लांब उडवतो. आपल्याकडून एक मुलगी अगदी मागं एकटी उभी असते. तिनं तो झेलायचा आणि समोरून अकरा जणी अंगावर येत असताना जितकं पुढं पळता येईल तितकं पळायचं. तिला रिटर्नर म्हणतात. ती जितके यार्ड पळते ते मोजायचे. हे काम जगात कुणीही आपणहून का मागावं, मला समजत नाही. आमच्या मुलीनं मागून घेतलं आहे.

आमच्याकडे दोन रिटर्नर आहेत. एक अरोहा, माओरी मुलगी, शाळेत शिकवते, चांगली दणकट. दुसरी बावीस नंबर. मी वहीत केतकी असं लिहिणार नाही. मैदानावर ती बावीस नंबर आणि मी सचिव.

मोजण्यासाठी मी एक नियम केला आहे. बॉल नेमका कुठं झेलला, खेळाडू नेमकी कुठं पडली, यात यार्ड-दोन यार्डांचा संशय असतोच. संशय आला की अरोहाला वरचा आकडा आणि बावीस नंबरला खालचा. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं उद्या कुणी म्हणायला नको.

आज बावीस नंबर एकदा एकाहत्तर यार्ड पळाली, थेट शेवटच्या रेषेपर्यंत. लोक उभे राहिले. नंदानं शिट्टी वाजवली. (हिला शिट्टी वाजवता येते, हे लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर कळतं आहे.) पण मी नीट बघत होतो. समोरच्या संघातल्या एका मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती, ती खाली वाकली होती. अशा धावेला धाव म्हणणं प्रामाणिकपणाला धरून नाही. मी ती सरासरीतून वगळली.

२० सप्टेंबर, शनिवार

पुन्हा हरलो. आमची क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारी मुख्य मुलगी, आज सात वेळा आडवी झाली. तिच्यासमोर भिंत म्हणून उभ्या राहणाऱ्या मुली तिच्याआधीच आडव्या होतात.

मॅचनंतर सॉसेज सिझल होतं. पावात सॉसेज, वर कांदा, आणि त्याला जेवण म्हणायचं. केतकी चिखलानं माखून आली आणि माझ्या शेजारी उभी राहून तिनं तीन सॉसेज खाल्ली. "Did you see the second one, Baba?" म्हणाली. मी म्हटलं, "पाहिलं. डावा पाय रेषेबाहेर गेल्यासारखा वाटला." ती हसली आणि चौथं घ्यायला गेली.

तेवढ्यात ग्रेग पाठीवर थाप मारून म्हणाला, "केट्सला काय काळजी, बाप कमिटीत बसलाय." (केतकीची इथं केट्स झाली आहे.) सगळे हसले. मीही हसलो. हसतात ना सगळे अशा वेळी, तसा.

घरी येताना गाडीत मला कॉलेज आठवलं. एकोणनव्वद साली फार्मसीच्या प्रवेशाची यादी लागली होती. खुल्या यादीत माझं नाव अकरावं होतं. अकरावं, खुल्या यादीत. तरी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत वर्गातली पोरं हेच म्हणायची, "याला काय, याला आयती मिळाली." मी चार वर्षं गोल्ड मेडलच्या मागे लागलो, मिळवलं, तरी म्हणायची. माझ्या मुलीबद्दल हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. मग त्यासाठी मला काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बॉटनी उपनगरातल्या हॅरियर्स क्लबाचा ईमेल आला. आमच्या लीगमध्ये एक नियम आहे, ऑक्टोबर संपेपर्यंत दोन क्लबांना खेळाडूंची अदलाबदल करता येते. खेळाडूची सही लागते, बाकी कमिटीची मर्जी. बॉटनीकडे झेलणारं कुणी नाही, आमच्याकडे भिंत नाही. त्यांची एक धिप्पाड मुलगी ते आम्हाला देतात, बदल्यात आमच्या दोघींपैकी एक रिटर्नर मागतात. कोणती द्यायची ते आम्हीच ठरवायचं.

आता कमिटीत आम्ही तिघं. ग्रेग म्हणतो, द्या. आमची कोच सिना म्हणते, दोन्ही ठेवा, झेलणारी तयार करायला दोन वर्षं लागतात, भिंत मी सहा आठवड्यांत उभी करून देते. म्हणजे ठरवणार कोण, तर आकडेवारीप्रमुख.

केतकीला घरी सांगितलं नाही. ती माझ्यासमोर बसून पोहे खात होती आणि अरोहानं तिला कसं नवीन पाऊल शिकवलं ते सांगत होती. दोघींचं गूळपीठ आहे. मी ऐकून घेतलं. कमिटीतल्या गोष्टी घरी काढायच्या नसतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज संध्याकाळी मीटिंग झाली. निकाल लागला. मी अगदी शांत आहे.

मी तक्ता समोर ठेवला. अरोहा, सरासरी चोवीस यार्ड, हातातून सुटलेले बॉल शून्य. बावीस नंबर, सरासरी एकोणीस यार्ड, हातातून सुटलेले तीन. (तीनातले दोन वाऱ्यानं बाहेर नेले होते, पण वाऱ्याचा अंदाज घेणं हाही कौशल्याचाच भाग आहे.)

सिना तक्त्याकडे बघत राहिली. म्हणाली, "रॅव, आपण दोघं एकच मॅच बघतो ना?"

मी म्हटलं, आकडे आहेत, मी काय करणार. ग्रेगनं विचारलं, "नक्की? केट्स?" दोनदा विचारलं. मी म्हटलं, माझी मुलगी आहे म्हणून तिला वेगळा न्याय नको. भिंत घ्यावी, बावीस नंबर द्यावी, या बाजूनं माझं मत. सिनानं खुर्ची मागं सरकवली आणि शूज घालून निघून गेली. चांगली कोच आहे, पण भावनाप्रधान.

ग्रेगनं खुर्च्या रचून ठेवल्या. जाताना पाठीवर थाप मारली नाही. आता म्हणून दाखवा म्हणावं, बाप कमिटीत बसलाय.

१ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंगचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या सभासदांना गेलं पाहिजे, असा माझा शिरस्ता आहे. आधीच्या सचिवानं म्हणे तीन वर्षांत एकही पाठवलं नव्हतं. मी सकाळी सहा चाळीसला पाठवलं. तक्ता जोडला. खाली स्पष्ट लिहिलं, की निर्णय सचिवांच्या मतानं झाला.

केतकीही सभासद आहे, हे माझ्या लक्षात होतंच. पण मला वाटलं, ती उठायच्या आत मी तिला सांगेन. ती नेमकी आज लवकर उठली.

टोस्ट खाता खाता फोन बघत होती. मग फोन उलटा ठेवला. म्हणाली, "You sent it to everyone."

मी म्हटलं, "शिरस्ता आहे."

"बाबा, मला आधी विचारलं का नाही?" हे मराठीत म्हणाली. एरवी ती मला मराठीत काही विचारत नाही.

"तुला आधी विचारलं असतं तर तो पक्षपात झाला असता. अरोहाला कुठं विचारलं?"

"Right," म्हणाली. मग म्हणाली, "फॉर्म?"

फॉर्म मी प्रिंट करून ठेवलाच होता. सही करायच्या तीन जागांवर पिवळ्या चिठ्ठ्याही लावल्या होत्या, म्हणजे तिचा वेळ जायला नको. तिनं तिन्ही ठिकाणी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि कामावर गेली. टोस्ट अर्धा राहिला.

मला वाटलं होतं रडारड होईल. इतक्या समजूतदारपणे घेतलं, खरंच कौतुक वाटलं.

नंदा ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आज तिला जादा शिफ्ट होती म्हणून लगेच निघाली. फ्रिजवरच्या रोस्टरमध्ये तिची आज सुट्टी दिसते. बदललं असेल.

५ ऑक्टोबर, रविवार

केतकी काल बॉटनीला राहायला गेली. नव्या टीममधल्या दोघींबरोबर फ्लॅट शेअर करणार. प्रॅक्टिस जवळ पडते म्हणाली. इथून बॉटनी गाडीनं पंचवीस मिनिटं, पण सकाळी ट्रॅफिक असतो हे खरं.

मी तिचं कपाट उतरवायला मदत करतो म्हटलं. म्हणाली, "Nah, sweet as, Baba." म्हणजे गरज नाही, सगळं ठीक आहे. अरोहा आणि सिना येऊन घेऊन गेल्या. दोघींनी मला "किया ओरा" म्हटलं, म्हणजे माओरीत नमस्कार. नुसतं किया ओरा.

१२ ऑक्टोबर, रविवार

सँडरिंगहॅमच्या हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मुलांची गाणी झाली. मला पाच मिनिटं बोलायला दिली होती. 'न्याय आणि आपण' असा विषय मी घेतला. बाबासाहेबांनी समता दिली, ती आधी घरात पाळायची असते, असं सांगितलं. मग उदाहरण म्हणून, नाव न घेता, एका बापानं मुलीच्या बाबतीत कसा निःपक्षपाती निर्णय घेतला ते सांगितलं. नाव न घेताही सगळ्यांना कळलं. टाळ्या पडल्या. आमच्या मंडळातला सारंग, दातांचा डॉक्टर, हात हातात घेऊन म्हणाला, "दादा, हे जमायला छाती लागते." मी म्हटलं, छे, त्यात काय.

परत येताना गाडीत नंदा म्हणाली, "भाषण छान झालं हो. फक्त टाळ्या वाजवायला केतकी नव्हती."

मी म्हटलं, तिची प्रॅक्टिस असते रविवारी.

नंदा म्हणाली, "असते का?"

१५ ऑक्टोबर, बुधवार

अरोहा घरी आली. मी नुकताच कामावरून आलो होतो. तिच्या हातात माझा तक्ता होता, प्रिंट काढलेला, लाल पेनानं खुणा केलेला. शाळेत शिकवणाऱ्यांची ही खोडच असते. चहा घेणार का विचारलं, नको म्हणाली. बसली पण नाही.

म्हणाली, "अंकल, यात लिहिलंय माझ्या हातून एकही बॉल सुटला नाही. दोन सुटले होते. एक तर तोंडावर आपटला. तुम्ही समोर उभे होता."

मी म्हटलं, संशयाचा फायदा देतो आपण.

"हा बेचाळीस यार्डांचा रिटर्न माझ्या नावावर आहे. तो केट्सचा होता. बॉल आमच्या दोघींच्या मधे पडला, तिनं उचलला, मी तिच्या पुढं धावत होते. आणि तिचा एकाहत्तरचा कुठं आहे?"

मी नाडीचं सांगितलं. ती हसेल असं वाटलं, हसली नाही.

"अंकल, मी चार वर्षं ही जागा मिळवायला घाम गाळलाय. तुम्ही मला ती फुकट देऊन टाकलीत. आता टीममध्ये सगळ्यांना वाटतं, मला आयती मिळाली." मग म्हणाली, "ते दुरुस्त करा. तिच्या जागी मी जाते बॉटनीला. मी सिनाला सांगितलंय."

तक्ता टेबलावर ठेवून गेली. मी तो अजून उचललेला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज रजा टाकली. नंदाकडे सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ आहेत, मला माहीत नव्हतं. पहिल्या मॅचपासून फोनवर घेत होती. आम्ही दोघं सकाळपासून टीव्हीवर लावून बसलो. मी मोजायचं, तिनं मोजायचं, दोघांचा आकडा जुळला की लिहायचा. नाडीवाली धावसुद्धा पाहिली. नाडीवाली मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती वाकली नसती तरी केतकीला तिनं गाठलं नसतं.

दुपारी दोनपर्यंत झालं. बावीस नंबर, सरासरी अठ्ठावीस, सुटलेला एक. अरोहा, सरासरी वीस, सुटलेले दोन.

मी म्हटलं, "अठ्ठावीसला एकोणीस केलं मी."

नंदा म्हणाली, "एका दिवसात नाही केलंत. रोज थोडं थोडं केलंत." मग म्हणाली, "तुम्हाला तुमच्या त्या वर्गातल्या पोरांना उत्तर द्यायचं होतं ना? दिलंत. फक्त उत्तरपत्रिका केतकीची वापरलीत."

मी कुकर लावला. मला फार वाईट वाटत आहे. तेही लिहून ठेवतो, वही त्यासाठीच दिली आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

मंगळवारी मीटिंग आहे. तीन दिवस विचार करतो आहे. आता मी उभा राहून काय म्हणणार, तर माझी मुलगी सरस आहे, तिला परत घ्या. जे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको म्हणून हे सगळं केलं, ते मी माझ्याच तोंडानं बोलणार. आणि वर पुरावा म्हणून बायकोनं काढलेले व्हिडिओ. ग्रेग म्हणेल, वा, सगळं कुटुंबच कामाला लागलं.

न बोलताही चालेल. बॉटनीला ती बरी खेळते आहे. पण अरोहाचा तो लाल पेनाचा कागद टेबलावरच आहे. जेवताना ताट त्याच्या बाजूला ठेवावं लागतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

बोललो.

दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. जुन्यातल्या चुका एकेक करून वाचून दाखवल्या, चौदा भरल्या. प्रत्येक चूक एकाच बाजूला झाली आहे हेही सांगितलं. फार्मसीत चौदा औषधं चुकून गेली असती आणि सगळी एकाच पेशंटला, तर ती चूक आहे असं कुणी मानलं नसतं, हेही सांगितलं. मग म्हटलं, बावीस नंबर या लीगमधली सगळ्यात चांगली रिटर्नर आहे. वाक्य पूर्ण केलं आणि मगच खाली बसलो.

ग्रेगनं टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "मेट, ते आम्हाला माहीत होतं. मला वाटलं आपण अरोहाला देणार. तू एकदम केट्सचं नाव काढलंस. आम्हाला वाटलं, घरात काही झालं असेल. तिलाच जायचं असेल आणि तू आमच्यापुढं कारण काढतोयस."

मी म्हटलं, "पण तू म्हणालास ना, बाप कमिटीत बसलाय म्हणून तिला काळजी नाही."

"मी? कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. सिनानं खिडकीबाहेर बघितलं.

बॉटनीवाले अरोहाला घ्यायला तयार आहेत, अरोहा जायला तयार आहे. केतकीची सही झाली की झालं. आकडेवारी यापुढं सिनाची बहीण बघेल, असंही ठरलं. मी इतिवृत्तात तेही लिहिलं. सिना जाताना म्हणाली, "पाठवण्याआधी तिला सांग." म्हणजे मी काही शिकतच नाही असं हिला वाटतं. पण बरं झालं सांगितलं, मी सकाळचा ईमेल तयार करून ठेवला होता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बॉटनीच्या मॉलमध्ये फूड कोर्टात केतकीला भेटलो. क्लिनिकमधून थेट आली, युनिफॉर्मवर. बारीक झाली आहे. मी डबा नेला होता, नंदानं केलेल्या भाकऱ्या आणि मटकीची उसळ. फूड कोर्टात डबा उघडला की आधी तिला लाज वाटायची. आज तिनं सरळ खाल्लं.

मी नवा तक्ता समोर ठेवला. म्हटलं, "अठ्ठावीस निघाले."

तिनं बघितलं. "I know, Baba. I was there."

मी सगळं सांगितलं. मीटिंग, चौदा चुका, अरोहाचं. माफ कर म्हटलं. हा शब्द मी तिला आधी कधी म्हटल्याचं आठवत नाही. मग फॉर्म काढला. यावेळी चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या.

तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "मंडळाची वक्तृत्व स्पर्धा आठवते? तुम्ही जज होतात. मला दुसरा नंबर दिलात."

आठवते. मी ते कितीतरी जणांना अभिमानानं सांगितलं आहे.

"I was nine. मला वाटलं मी चुकले कुठंतरी. I practised for a whole year. मग पुढच्या वर्षी पण दुसरा." ती इंग्रजीत बोलायची, मधेच मराठीत यायची, पुन्हा जायची. "तुम्ही मला नेहमी कमी मोजलंत, बाबा. शाळेत, घरात, सगळीकडे. मी मोठ्यानं हसले तरी तुम्ही आजूबाजूला बघायचात. मी इथं आले ना, तर पहिल्याच मॅचनंतर कोचनं आकडा सांगितला, तीस. आणि तो तीसच होता. मी दोनदा विचारलं, खरंच तीस? ती म्हणाली, हो, तीस, का?"

मी म्हटलं, "आता मी मोजणार नाही. सिनाची बहीण मोजणार आहे."

"मोजणार नाही, पण बघाल ना." मग म्हणाली, "मी इथंच राहते."

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब चिप्स खात होतं. मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. मग विचारलं, "मॅचला आलो तर चालेल?"

"It's a public park, Baba."

डबा धुऊन देते म्हणाली, फूड कोर्टात कुठं धुणार. तसाच घेऊन आलो. नंदानं दार उघडलं, डबा हातात घेतला, रिकामा आहे बघितलं आणि विसळायला घेतला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आमची आणि बॉटनीची मॅच, त्यांच्या मैदानावर. मी सचिव आहे, पण आज बाजूच्या दोरीपलीकडे, प्रेक्षकांत. वही नाही, पेन नाही. पेन नसलं की हात कुठं ठेवायचे ते कळत नाही. शेवटी खिशात घातले.

अरोहा आमच्याकडेच राहिली आहे. धिप्पाड मुलगीही आली आहे आणि भिंत खरंच उभी राहिली आहे. क्वार्टरबॅक आज दोनदाच पडली. म्हणजे ग्रेगचं म्हणणं बरोबर होतं, सिनाचंही बरोबर होतं, आणि मी कशाच्या बाजूनं मत दिलं ते आता मला विचारू नका.

तिसऱ्या भागात आमच्या संघातल्या एका मुलीनं बॉल उडवला. उंच गेला. खाली केतकी एकटी. इतक्या लांबून ती किती लहान दिसते, ते आजपर्यंत मी मोजण्यात असायचो म्हणून कळलं नव्हतं. तिनं तो छातीशी घेतला. आमच्या अकरा जणी तिच्या अंगावर आल्या. डावीकडे झुकली, उजवीकडून निघाली, अरोहाच्या हाताखालून सुटली आणि पळत राहिली. मी ओरडलो. काय ओरडलो मला माहीत नाही. नंदा म्हणते, नुसतं नाव घेत होतात.

चव्वेचाळीस यार्ड. मी मनात मोजले, एकही न कापता. मला कुणी विचारलं नव्हतं.

बॉटनीवाले जिंकले. त्यांच्याकडे पद्धत आहे, मॅच संपली की सगळा संघ दोरीच्या कडेनं चालत येतो आणि आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवतो. केतकी ओळीत पाचवी होती. हेल्मेट काखेत, केस घामानं चिकटलेले, गालाला चिखल. नंदाला तिनं मिठी मारली, दोरी मधे असूनही. तिथं उघड उघड पक्षपात झाला. मग माझ्याकडे आली. मी दोन्ही हात खिशातून काढले. तिनं उजवा हातात घेतला, हलवला, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि नंदाच्या आधीच्या म्हाताऱ्याला म्हणाली तेच, त्याच आवाजात म्हणाली, "Thanks for coming." एक क्षण जास्त नाही, एक क्षण कमी नाही. मग माझ्या पलीकडे कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर तिनं हात पुढं केला.